जनावरांचं हृदय आणि रक्ताभिसरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरज, तासगाव, पलूस, वाळवा, कराड, कोरेगाव या पट्ट्यातले पशुपालक आणि घरी कुत्रं-मांजर पाळणारे लोक पशुवैद्य म्हणून मला फोनवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडच्या गोठ्यात जन्मतःच हृदय अधू असलेली जनावरं थोडी. गिळलेल्या तारेनं, गोचिडांनी, चुकीच्या चाऱ्यानं आणि घाईत शिरेतून सोडलेल्या औषधानं हृदय गेलेली जनावरं मी कितीतरी जास्त पाहिली आहेत. म्हणजे यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे.

१. गाई-म्हशीची नाडी घरी मोजता येते का? किती असायला हवी?

येते, आणि जनावर धडधाकट असताना मोजून ठेवली तरच पुढे उपयोगी पडते. शेपूट वर उचला. मुळापासून वीतभर खाली, शेपटीच्या आतल्या बाजूला मधोमध दोन बोटं हलकेच टेकवा. अंगठा लावू नका, त्यात स्वतःचीच नाडी लागते. पूर्ण एक मिनिट मोजा. शेळी, कुत्रा, मांजर यांची नाडी मागच्या मांडीच्या आत लागते, घोड्याची खालच्या जबड्याच्या कडेला.

निवांत उभ्या मोठ्या गाईची नाडी मिनिटाला ५० ते ८०, म्हशीची साधारण ४० ते ७०, शेळी-मेंढीची ७० ते ९०, घोड्याची २८ ते ४४. मोठ्या कुत्र्याची ७० ते १२०, लहान जातीची आणखी जास्त. मांजर दवाखान्यात घाबरलेलं असतं, तिथे १४० ते २२० चालते. तान्ह्या वासराची शंभराच्या वर असणारच. धार काढायच्या आधी, सावलीत, सलग तीन दिवस मोजा आणि आकडा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. ‘गाय धापा टाकतेय’ यापेक्षा ‘नेहमी ६२ असते, आज ९६ आहे’ एवढं वाक्य मला फोनवर खूप जास्त सांगतं.

२. हिरड्या बघायला सांगता, त्या कशाला?

हिरडीवर बोटानं दाबा, ती पांढरी पडेल. बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी झाली पाहिजे. वेळ लागला तर रक्त कडेपर्यंत नीट पोचत नाही. मुळातच फिकट हिरडी म्हणजे अंगात रक्त कमी (प्रश्न ८), निळसर म्हणजे प्राणवायू कमी. तपकिरी, मातकट दिसली तर नायट्रेटची विषबाधा असू शकते, जास्त युरिया पडलेल्या हिरव्या चाऱ्यानं होते ती. कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेत उलट रक्त लालभडक दिसतं. या शेवटच्या दोन्हींत वेळ फार थोडा असतो. म्हशीच्या हिरड्या काळ्या असतात, तिची खालची पापणी उलटून आतला रंग बघा.

३. रात्री चांगली असलेली गाय सकाळी मेलेली सापडली. अटॅक आला असेल का?

माणसाला येतो तसा, शिरेत चरबी साचून येणारा झटका गाई-म्हशीत जवळजवळ दिसत नाही. कुत्र्या-मांजरातही तो दुर्मीळ. गोठ्यातल्या अचानक मृत्यूमागे फऱ्या, घटसर्प, पोटफुगी, सर्पदंश, वीज, विषारी पाला (प्रश्न १०), नाहीतर हृदयापर्यंत गेलेली तार (प्रश्न ४) असते.

एक कारण मात्र वेगळं काढून सांगतो. नाकातोंडातून किंवा शेणाच्या जागेतून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर फाशी, म्हणजेच अँथ्रॅक्स, धरून चाला. मृत जनावर फाडू नका, कातडं काढू देऊ नका, ओढत नेऊ नका. हा रोग माणसाला होतो. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. असं रक्त नसेल तर शवविच्छेदन जरूर करून घ्या. मेलेलं जनावर परत येत नाही, पण दावणीला अजून चार उभी असतात.

४. म्हशीच्या पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) सूज आलीय, मानेची शीर दोरीसारखी फुगलीय. दूधही आटलं. काय असेल?

या एका प्रश्नासाठीच हे पान लिहायला घेतलं म्हटलं तरी चालेल. पहिला संशय तारेचा घ्या.

गाय-म्हैस चारा निवडून खात नाही. जिभेनं घास ओढते, अर्धवट गिळते आणि मग निवांत रवंथ करते. शेळी ओठांनी पानन् पान निवडते, म्हणून तिच्यात हा आजार क्वचितच. गिळलेला खिळा, बांधकामाची तार, सुई जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या जाळीदार कप्प्यात, जाऊन बसते. जाळीपोटाच्या पुढे पातळ पडदा आणि त्याच्या लगेच पुढे हृदय, मध्ये चार बोटंही अंतर नाही. जाळीपोट सतत आकुंचन पावतं, दर आकुंचनाला तार थोडी पुढे सरकते. शेवटच्या महिन्यांत गर्भाचा आणि विताना कळांचा दाब पडतो, म्हणून व्यायच्या आगेमागे या केस जास्त येतात. तार हृदयाच्या पिशवीत घुसली की तिथे पू आणि पाणी साचतं. बाहेरून आवळलेल्या हृदयाला नीट फुलता येत नाही. परत येणारं रक्त मागे तुंबतं आणि मानेची शीर फुगते, पोळीत पाणी उतरतं.

पहिल्या दिवसांची लक्षणं लहान असतात आणि नेमकी तीच सुटतात. दूध एका वेळेत निम्म्यावर येतं. पाठ कमानीसारखी होते. पुढच्या पायांची कोपरं अंगापासून बाहेर ठेवते. उताराला पाय टाकत नाही, बसताना-उठताना कण्हते. खांद्यामागची पाठ चिमटीत धरून दाबली तर निरोगी जनावर पाठ खाली वाकवतं. हे वाकवत नाही, कण्हतं.

एका जानेवारीत कृष्णाकाठच्या गावात पहाटे गेलो होतो. घरच्या आक्का म्हणाल्या, ‘चार दिस झालं, ही गव्हाणीच्या कट्ट्यावरच पुढचं पाय ठेवून उभी ऱ्हातीया.’ म्हशीनं पोटाचा भार हृदयावरून मागे सरकवण्याची सोय स्वतःच शोधली होती. स्टेथोस्कोप लावला. ‘लब्-डब्’ कुठेच नाही. अर्धी भरलेली कळशी डोक्यावर घेऊन कुणी चालावं तसा पाण्याचा खळखळाट. ती म्हैस वाचली नाही. फाडल्यावर हृदयाच्या पिशवीत बोटाएवढी तार निघाली, दोन्ही टोकांना तिरका काप. कडबा कुट्टीच्या पात्याचा काप.

सूज दिसली की दुसऱ्या शक्यताही तपासा. घटसर्पाची सूज घशाला येते, गरम लागते, दुखते आणि ताप भडकलेला असतो. फक्त जबड्याखाली लोंबणारी मऊ सूज यकृतातल्या चपट्या कृमींची असू शकते, ओढ्याकाठी, पाणथळ जागी चरणाऱ्या जनावरांत. तारेची सूज बोटानं दाबली तर खळगा तसाच राहतो आणि सोबत मानेची शीर भरलेली असते.

५. चुंबक खायला घालतात म्हणे. खरंच उपयोग होतो?

होतो, वेळेत घातलं तर. बोटाएवढं गुळगुळीत चुंबक तोंडावाटे दिलं की जाळीपोटात जाऊन बसतं आणि जन्मभर तिथेच राहतं. तार, खिळे त्याला चिकटून राहतात, पुढे सरकत नाहीत. कालवड वर्षाची झाली की पहिल्या गाभणपणाआधी घालून घ्या. विकत आणलेल्या जनावरात आधीच चुंबक आहे का हे साध्या होकायंत्रावर कळतं. डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या बाजूला होकायंत्र न्या, काटा फिरला तर आहे. तांबं आणि ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही. तार हृदयात घुसल्यावर चुंबकाचा काही उपयोग नाही.

त्याआधीचं काम चाऱ्याचं. बांधकाम चालू असलेल्या घराजवळ वैरण रचू नका. तारेनं बांधलेल्या पेंढ्या सोडताना तार मोजून बाजूला टाका. महापुरानंतर नदीकाठचा चारा झाडून, पसरून बघितल्याशिवाय कुट्टीत घालू नका. अख्खी तार जनावर कधी कधी टाकून देतं, कुट्टीनं केलेले इंचभर तुकडे मुकाट गिळतं.

६. तार आहे असं निघालं. ऑपरेशन करू का?

तार जाळीपोटातच असेल तर लगेच करा. पोट उघडून हातानं तार काढता येते, अशी जनावरं पुन्हा दुधावर येतात. मानेची शीर फुगून पोळीला पाणी उतरल्यानंतर आशा फार कमी. तेव्हा मी पशुपालकाला स्पष्ट सांगतो, कर्ज काढून महिनाभर इंजेक्शनं देऊ नका. हे सांगताना जड जातं.

७. व्यायल्यावर गाय आडवी पडली, शिरेतून कॅल्शियम दिलं आणि देता देताच मेली. औषध खराब होतं का?

बहुतेक वेळा औषध चांगलं असतं, वेग चुकतो. ताज्या व्यायलेल्या, भरपूर दुधाच्या गाईच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम घटतं. कान थंड पडतात, मान कुशीकडे वळते, नाडी हाताला लागेनाशी होते. हृदयाच्या स्नायूलाही आकुंचनासाठी कॅल्शियम लागतंच, म्हणून ठोके दबके येतात. अशा थकलेल्या हृदयावर ४५० मिलीची बाटली चार-पाच मिनिटांत रिती केली तर ठोका अडखळतो आणि थांबतो.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याही हातून हे झालं आहे. रात्रीची वेळ, भोवती माणसं, ‘डॉक्टर, लवकर’ असा घोशा. मी बाटली उंच धरली. गाईनं एकदा मान ताठ केली आणि गेली. तेव्हापासून बाटली कोमट करून घेतो, खांद्याच्या उंचीवर धरतो, पंधरा-वीस मिनिटं लावतो आणि तेवढा वेळ स्टेथोस्कोप छातीवरून काढत नाही. ठोका चुकला की नळी चिमटीत दाबायची, सावरला की पुन्हा सुरू. औषध लागू पडतंय याच्या खुणा दिसतात. अंगावर थरथर येते, ढेकर येते, शेण टाकते.

म्हणून डॉक्टर हळू सोडत असेल तर घाई करू नका, आणि बाटली स्वतः शिरेतून देऊ नका. नुसतं उसाचं वाडं खाणाऱ्या गाईकडे जास्त लक्ष ठेवा. वाड्यातलं ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गळीत हंगामात वाडं स्वस्त मिळतं, पण सोबत कडबा, घास आणि खनिज मिश्रण हवंच.

८. जर्सी गाईची छाती लांबूनही धडधडताना दिसते. हृदय वाढलंय का?

आधी तिची पापणी उलटा, मग गोचीड शोधा. संकरित गाईत गोचिडांतून थायलेरिया होतो. ताप १०४–१०६ फॅरनहाइटपर्यंत जातो, खांद्यापुढची गाठ सुजते आणि तांबड्या पेशी फुटून रक्त पाण्यासारखं होतं. थोड्या रक्तावर सगळ्या अंगाला प्राणवायू पुरवायचा म्हणून हृदय जोरात, भरभर पळतं. पातळ रक्ताचा फुसफुस आवाजही ऐकू येतो, त्यावरून झडप खराब ठरवू नये. काचपट्टीवर रक्त तपासा. थायलेरिया निघाला तर बुपारवाक्वोनचं इंजेक्शन आहे, लवकर दिलं तर गुण चांगला येतो. रक्त फार घटलं असेल तर सलाईन भरभर सोडू नका, दमलेल्या हृदयाला तो भार सोसत नाही. गोठ्याच्या भिंतीतल्या फटी बुजवल्याशिवाय गोचीड हटत नाही, नुसतं गाईला औषध लावून भागत नाही.

९. लाळ्या खुरकूत आली, मोठी जनावरं बरी झाली, पण दोन वासरं दूध पितापिता मेली. असं का?

तान्ह्या वासरात या रोगाचा विषाणू थेट हृदयाच्या स्नायूवर जातो. तोंडात फोड यायच्या आधीच वासरू कोसळू शकतं. शवविच्छेदनात हृदयावर फिकट पट्टे दिसतात, वाघाच्या अंगावरच्यासारखे. त्यावर औषध नाही. साथ असताना वासरांना दौडवू नका, आजारी गाईचं दूध पाजू नका. गाभण गाईला वेळेवर लस झालेली असेल तर चिकातून वासराला संरक्षण मिळतं. २०१९ पासून देशभर लाळ्या खुरकूतची मोफत लसमोहीम आहे. ‘लस दिली की दूध कमी होतं’ म्हणून दारातून परत पाठवू नका. दूध दोन-चार दिवस उतरलं तर उतरू दे. रोगातून उठलेली काही मोठी जनावरंही पुढे उन्हात कायम धापा टाकत राहतात, तो तोटा मोठा.

१०. कण्हेरीचा पाला शेळीनं खाल्ला. किती खाल्ला तर धोका?

मूठभरही पुरतो, पाला वाळलेला असला तरी. कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्हींतलं विष सरळ हृदयाच्या ठोक्यावर जातं. आधी जुलाब, लाळ, मग नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी आणि मृत्यू. हमरस्त्याच्या दुभाजकात, बंगल्यांच्या कुंपणाला कण्हेर असते. छाटणीचा ढीग रस्त्याकडेला पडतो आणि चरायला निघालेली जनावरं त्यात तोंड घालतात. खाताना पाहिलं असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर बोलवा. जनावराला पळवू नका. आणि कुंपण छाटाल तेव्हा पाला पुरून टाका.

११. आमचा पॉमेरियन दहा वर्षांचा आहे, रात्री खोकतो. कफ सिरप देऊ?

नको. लहान जातीच्या वयस्क कुत्र्यात डाव्या बाजूची झडप जाड होऊन गळू लागते. रक्त मागे सरकतं, हृदय मोठं होतं, शेवटी फुप्फुसात पाणी भरतं. पॉमेरियनची श्वासनळीही पिचते आणि त्याचा खोकलाही तसाच वाटतो. फरक एक्स-रे आणि सोनोग्राफीवर कळतो.

घरी एक गोष्ट करा. तो गाढ झोपलेला असताना छाती मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजा आणि वहीत लिहा. तिसाच्या आत असावी. रोज २० येणारा आकडा ३५–४० वर गेला तर सकाळची वाट बघू नका. हृदय मोठं झालेलं पण अजून धाप नसलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन दिलं तर हृदय हरण्याची वेळ सरासरी १५ महिने पुढे जाते, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. हा काळ कुत्र्याच्या आयुष्यात मोठा आहे, म्हणून तपासणी लवकर करा. खारी, फरसाण, पापड बंद. डॉबरमन, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींत झडपेपेक्षा स्नायूच सैल पडतो, त्यांना पहिलं लक्षण कधी कधी चक्कर येऊन पडणं हेच असतं.

१२. आम्ही शाकाहारी आहोत. मांजराला दूधभात, दूधचपाती चालेल ना?

पोट भरेल, हृदय भरणार नाही. मांजराला टॉरिन लागतं. ते मांस-मासळीत असतं, धान्य-डाळीत नसतं आणि मांजराचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. टॉरिन कमी पडलं की हृदयाचा स्नायू पातळ होऊन फुगतो, हे १९८७ मध्ये स्पष्ट झालं. वेळेत टॉरिन मिळालं तर असं हृदय पुष्कळदा सावरतं. घरात मासळी शिजवायची नसेल तर मांजरासाठी बनवलेलं तयार खाद्य द्या, त्यात टॉरिन घातलेलं असतं. शिजवत असाल तर ते पाणी फेकू नका, टॉरिन पाण्यात उतरतं.

१३. मांजर अचानक किंचाळलं आणि मागचे दोन्ही पाय लुळे पडले. साप चावला का?

पंजे हातात घेऊन बघा. मागचे पंजे थंड, तळवे फिकट किंवा निळसर आणि मांडीत नाडी नाही, असं असेल तर हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मागच्या पायांच्या मुख्य शिरेत अडकली आहे. मांजरात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बऱ्यापैकी आढळतो आणि तोवर घरच्यांना काहीच कळलेलं नसतं. वेदना भयंकर असतात. शेकू नका, चोळू नका, लगेच दवाखाना गाठा.

१४. घरातल्या आजोबांची बीपीची गोळी कुत्र्याला अर्धी दिली तर?

देऊ नका. जनावरांना रक्तदाब असतो हे खरं. रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तोच घोडीचा, स्टीफन हेल्स यांनी काचेची नळी लावून, आणि १७३३ मध्ये तो प्रसिद्ध केला. पण कुत्र्या-मांजरात वाढलेला दाब बहुधा मूत्रपिंडाच्या किंवा दुसऱ्या आजारामागून येतो, तो शोधावा लागतो. मांजराला पॅरासिटामॉल तर चुकूनही नाही. एका गोळीत रक्त तपकिरी होऊन जीव जातो.

१५. कोंबडीखाद्य उरलंय, घोड्याला घातलं तर चालेल?

नाही. कोंबडीखाद्यात कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीविरोधी मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं असू शकतात. कोंबडी ती पचवते, घोड्याच्या हृदयाचा स्नायू ती जाळून टाकतात. वरातीचा घोडा चांगला खाऊन-पिऊन दुसऱ्या दिवशी पळताना कोसळू शकतो. ज्या घमेल्यात कोंबडीखाद्य मिसळलं, ते घोड्यासाठी वापरू नका.

१६. ब्रॉयलरच्या पोटात पाणी होतं, थंडीत जास्त. हा हृदयाचाच आजार का?

हो. पक्षी झपाट्यानं वाढतो, फुप्फुसं तेवढी वाढत नाहीत. थंडीत प्राणवायूची गरज आणखी वाढते. उजव्या हृदयावर दाब येतो आणि पोटात पाणी उतरतं. पडदे पूर्ण बंद करून शेड कोंडू नका. ऊब द्या, पण हवाही खेळती ठेवा.

१७. शर्यतीच्या खिलार बैलाचं हृदय सुटतं का? काय तपासू?

सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ रोजी शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून हा प्रश्न वाढला. सरावानं बैलाचं हृदय मजबूत होतं. धोका आहे तो सराव न केलेल्या, गोचिडांनी रक्त घटलेल्या किंवा नुकत्याच तापातून उठलेल्या बैलाला पळवण्यात. धावल्यावर नाडी मोजा आणि नेहमीच्या आकड्यावर (प्रश्न १) यायला किती मिनिटं लागतात ते लिहा. तो वेळ वाढत चालला तर बैल थांबवा. उत्तेजक औषध किंवा दारू पाजणं म्हणजे बैलाचा जीव घेणं.

१८. महाबळेश्वरच्या उंचीवर गाईच्या पोळीला पाणी येतं का?

उंचीमुळे पोळी सुजण्याचा आजार आहे, पण तो साधारण २,००० मीटरच्या वर दिसतो. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास. तिथल्या गाईची पोळी सुजली तर प्रश्न ४ वाचा.

१९. ईसीजी, सोनोग्राफी कुठे होते? मुलीला हेच शिकायचं आहे.

सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणे–बेंगळुरू महामार्गावरच. फोन करून जा. गावात येणाऱ्या फिरत्या पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. पदवीला नीटमधून प्रवेश मिळतो, आंतरवासिता धरून साडेपाच वर्षं, मग पदव्युत्तर शिक्षण. मुलीला हेही सांगा की १९०९ मध्ये लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी ईसीजी दाखवला तो जिमी नावाच्या बुलडॉगवर, त्याचे पंजे मिठाच्या पाण्यात ठेवून. या विषयात जनावरं सुरुवातीपासूनच सोबत आहेत.

२०. घोड्याचा दर चौथा ठोका चुकतो. विकून टाकू?

थांबा. निवांत उभ्या, तंदुरुस्त घोड्यात असा ठरावीक चुकणारा ठोका पुष्कळदा निरोगीच असतो. त्याला थोडं दौडवा आणि लगेच ऐका. ठोका सलग झाला तर चिंता नाही. दौडल्यावरही चुकतोय किंवा कुठलाच ताल लागत नाही, तर ईसीजी करा. कुत्र्याचीही नाडी श्वास घेताना वाढते, सोडताना मंदावते. तो दोष नाही.

२१. कालवडीच्या हृदयाला भोक आहे म्हणाले. आवाज फार मोठा येतो. ठेवू का?

वासरांत जन्मतः हृदयाचा जो दोष सगळ्यात जास्त दिसतो तो हाच, खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक. आवाज मोठा म्हणजे भोक मोठं, असं समजू नका. बारीक भोकातून रक्त जोरात फुसफुसतं, मोठ्या भोकातून मऊ वाहतं. कालवड बरोबरीच्या वासरांइतकी वाढतेय, पिताना दमत नाही, हिरड्या गुलाबी आहेत, तर ठेवा आणि महिन्याला वजन लिहा. पिताना थांबून थांबून श्वास घेत असेल तर ती फार पुढे जायची नाही. असा दोष गोऱ्ह्यात असेल तर तो पैदाशीला ठेवू नका.